ताटलीएवढं चाक

१२ जानेवारी, रविवार

आज गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. तीन हिवाळे ती गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर बसून होती. लोखंडी नळ्यांचा नुसता सांगाडा. वेंडी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, नेव्हिल पलंग बनवतोय. ठोकळे काढल्यावर गाडी जराशी हलली आणि थांबली. मला एकदम भरून आलं. सत्तरीच्या माणसाला शोभत नाही, पण आलं.

दारं नाहीत, छप्पर नाही. इंजिन बसवलंय पण अजून मुकं आहे. तरी आत शिरून बसलो. स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा, थेट माझ्या छातीवर रोखलेला. मग हवेतच दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि निघालो. वॉडिंग्टन गेलं, न्यूटन गेलं, नदी शेजारी आली, तिच्यावरचं धुकं चेहऱ्याला लागलं. तोंडाने इंजिनाचा आवाजही काढत असणार, कारण वेंडी चहा घेऊन कधी आली ते कळलं नाही.

"कुठवर पोचलास?"

"डन्सप ब्रिज."

"मग चहा तिथेच घे. आणि बदकं सांभाळ, रस्त्यात येतात."

जूनमध्ये आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होतील. त्या दिवशी या गाडीतून बोलंडच्या घाटाने समुद्रावर जायचं, मोरकमला, असं ठरलंय. लग्नाआधी एकदा रॉयची मोटारसायकल उसनी घेऊन निघालो होतो, तर घाटमाथ्यावरच्या त्या करड्या दगडापाशी पेट्रोल संपलं आणि ढकलत परत आलो. नंतर त्याच वाटेने कितीदा गेलो, पण काचा वर, पावसात, मागच्या सीटवर पोरं ओकतायत. त्याला जाणं म्हणत नाहीत. या घाटाचं आमचं जाणं राहिलंय.

आता प्रश्न एकच, स्टिअरिंग केवढं घ्यायचं. माझं उत्तर ठरलेलं आहे. जन्मभर बस चालवली. बसचं स्टिअरिंग म्हणजे आडवी ठेवलेली परात, वळण घ्यायचं तर अर्धं अंग तिच्यावर पसरायला लागायचं. तेव्हाच म्हटलं होतं, एक दिवस ताटलीएवढं चाक हातात धरीन आणि नुसत्या मनगटाने गाडी वळवीन.

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर झाकणं. स्वयंपाकघरातलं गोल असेल ते सगळं गॅरेजात नेलं, एकेक दांड्यावर धरून पाहिलं. बिस्किटाच्या डब्याचं झाकण दहा इंच, फारच पोरकट. मोठ्या पातेल्याचं पंधरा, मांड्यांना अडकतं, आत शिरताना पोट आत घ्यावं लागतं. जेवणाची ताटली बरोबर बारा. धरताक्षणी कळलं, हीच.

रॉय आला होता. माझा डेपोतला जुना सोबती, आमच्या घरबनावट गाड्यांच्या क्लबचा म्होरक्या. स्वतःची गाडी स्वतः बांधून बसलाय म्हणून आता जगाला शिकवतो. पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना 'राजा' म्हणतो.

"राजा, बारा इंच घेतलंस तर वेगाचा काटा झाकला जाईल."

"वेग मला बुडाला कळतो."

"तुझ्या बुडाला कळतो रे. तपासणी करणाऱ्याला तुझं बूड कुठे विचारायचंय? आणि चाक जेवढं लहान तेवढा हाताला जोर जास्त. चौदा घे, सुखात राहशील."

तपासणीची मला चिंता नाही. त्यासाठी क्लबचं चाक आहे. कुठल्याशा जुन्या घरगुती गाडीचं काळं, जाडजूड, मऊ, दिसायला अगदी उकडलेल्या बटाट्यासारखं. सरकारी तपासणीला चाक मऊच लागतं, म्हणून जाताना प्रत्येक जण तेच लावतो. पास झाला की दुसऱ्या दिवशी काढून पुढच्याच्या हाती देतो आणि आपलं आवडतं लावतो. लग्नातला उसना हारच तो.

संध्याकाळी मटण-बटाट्याचा हॉटपॉट खाताना वेंडी एकदम म्हणाली, "त्या परातीपायीच तर मला ड्रायव्हर केलं नाही." खरं आहे. ती माझ्याच बसवर कंडक्टर होती. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, तीन म्हणजे बस भरली, आता कुणाला घेऊ नकोस. तिच्या दोन घंटा ऐकल्याशिवाय मी ब्रेक सोडत नसे. कधीतरी तिने ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज केला, तर डेपोच्या साहेबाने तिला सीटवर बसवून पाहिलं आणि म्हणाला, बाई, हात आखूड पडतात, तुम्ही आपली घंटाच वाजवा. मी म्हटलं, किती जुनी गोष्ट! तिने बटाटे वाढले. तो विषय तिच्या मनातून केव्हाच गेला असणार.

२५ जानेवारी, शनिवार

आलं! बारा इंच, काळं कातडं, तीन चंदेरी आरे. दुपारपर्यंत मांडीवर घेऊन बसलो होतो. वेंडी म्हणाली, मांजरही एवढं लाडावलं नव्हतंस.

बसवलं. दिसतं काय सुंदर! फक्त जागच्या जागी वळवताना भलतंच जड जातं. डावीकडे कसंबसं, उजवा हात तर दांडीच मारतो. रॉय म्हणाला, चालत्या गाडीत हलकं होईल, पण इतकं जड असायला नको. मी म्हटलं, गॅरेजात गारठा आहे, हात आखडलाय. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाला मेला.

आणखी एक. हल्लीच्या पेट्रोलला पूर्वीसारखा वास राहिला नाही. रॉयने टाकीत ओतलं तेव्हा तो नाक मुरडत होता, मला काहीच नाही. सगळ्यातच भेसळ.

८ फेब्रुवारी, शनिवार

सीट आपोआप पुढे सरकते. काल मी माझ्या मापाने मागे लावून गेलो होतो, आज बसायला गेलो तर गुडघे दांड्यावर आपटले. रुळाचा खटका सैल असावा. घासून नीट केला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा पुढे. खटका कडक आहे, मी स्वतः तपासलाय. गॅरेजची जमीन उताराची असेल. लेव्हल लावून पाहिली, उतार उलट्या बाजूला निघाला. भौतिकशास्त्राचं काही खरं नाही. सीटखाली पेपरमिंटचा कागद सापडला. रॉय घाण करतो आणि मला अंगण वाकडं म्हणतो.

ख्रिसमसला मिळालेलं नवं पेन फार गुणाचं आहे. एवढ्या मजकुराला पूर्वी दोन पानं लागायची, आता एकात मावतो. वेंडीने काल डोकावून पाहिलं आणि म्हणाली, मुंग्या चालल्यात. मी म्हटलं, कागद वाचतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वेंडी हल्ली दर गुरुवारी दुपारी चॅपेलात गायनाच्या तालमीला जाते. आज परत आली तेव्हा गाल लालभडक, केस पार विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी. चष्म्याच्या काचेवर एक चिलट चिकटलेलं. चॅपेलात एवढा वारा कुठून येतो? "छप्पर दुरुस्त करायला पैसे नाहीत," म्हणाली. पण गाण्याने माणूस किती तरतरीत होतो! स्वयंपाक करताना शीळ घालत होती. मला तिचा हेवा वाटला.

आज दिवसभर गाडीत नुसता बसून होतो. गॅरेजचं दार उघडं ठेवलं की समोर पेंडल टेकडी दिसते. ढग तिच्या पाठीवरून सरकत होते. बघता बघता असं वाटायला लागलं की ढग थांबलेत आणि टेकडीच चाललीय, तिच्याबरोबर गॅरेज, आणि मी. ताटलीएवढं चाक धरून कुठेही न जाता मी आज लांबवर गेलो.

४ मार्च, मंगळवार

आज पॅनकेकचा सण. या घरात तव्यावरून पॅनकेक उडवायचा मान माझा. पहिला उडवला तो जमिनीवर. दुसरा चुलीच्या मागे. तिसऱ्याच्या वेळी उजवा हात वर गेलाच नाही, मध्येच थांबला, कुणीतरी कोपर धरल्यासारखा. तवा जड आहे. वेंडीने तो हातातून घेतला आणि पुढचे सगळे स्वतः उडवले. एकही पडला नाही. मी लिंबं कापली.

जेवताना म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या."

"तवा जड आहे म्हणून?"

"हो. तवा जड आहे म्हणून."

१७ मार्च, सोमवार

इंजिन सुरू झालं! पहिल्या तीन खेपांना खोकलं, मग एकदम गरजलं, फडताळावरचे डबे नाचायला लागले. रॉयने मला मिठी मारली, वेंडी दारात कानांवर हात ठेवून हसत होती. हात काढून ओरडली, "आवाज तुझ्यापेक्षा बरा काढते!"

गल्लीतल्या गल्लीत चालवून पाहिली. सरळ जाताना स्वर्ग. वळणावर मात्र मला पुरतं वळवता आलं नाही आणि आम्ही मिसेस होल्डनच्या कुंपणापाशी जाऊन थांबलो. गुलाबाचं एक झुडूप गेलं. रॉय उतरून माझ्या बाजूला आला आणि हळूच म्हणाला, "राजा, हे चाकामुळे नाही." मी म्हटलं, चाकामुळेच, तूच तर सांगत होतास. रॉय गप्प बसला की मला बरं वाटत नाही.

२ एप्रिल, बुधवार

प्रेस्टनला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भली बाई. बोटं मिटवा-उघडा म्हणाली, टाचेने जमिनीवर ताल धरा म्हणाली, व्हरांड्यात चालवून पाहिलं. मग एक वाक्य लिहायला दिलं. मी लिहिलं, "माझ्या गाडीला बारा इंची चाक आहे." ती कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. वास येतो का, विचारलं. मी म्हटलं, पेट्रोलचा नाही, भेसळ असते. वेंडीने माझा हात हातात घेतला.

पार्किन्सन्स. नाव सांगून ती थांबली, मला थोडा वेळ दिला. औषध आहे. कित्येक जण वर्षानुवर्षं उत्तम राहतात. हो, गाड्याही चालवतात काही जण. पण औषध लागू पडेपर्यंत आणि परवान्याच्या कचेरीकडून उत्तर येईपर्यंत तुम्ही कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तुमचा उजवा हात वळणावर तुमचं ऐकत नाही, मिस्टर एन्टविसल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

उत्तर जूनपर्यंत येईल का, विचारलं. सांगता येत नाही, म्हणाली. आणि काय येईल, तेही.

येताना आमची रोजची गाडी वेंडीने चालवली. मी बाहेर पाहत होतो. शेतात कोकरं होती. रडलो. लपवलं नाही, लपवून कुणापासून लपवणार.

३ एप्रिल, गुरुवार

वेंडी तालमीला गेली नाही. मीच म्हटलं, जा. गेली.

५ एप्रिल, शनिवार

गाडी विकायची. रॉयला फोन करून सांगितलं.

"वेंडीला विचारलंस?"

"तिचा काय संबंध? नळी नळी मी जोडलीय."

"हो, पण विचारलंस का?"

"ती मला पलंगवाला म्हणते, रॉय. सुटलो म्हणेल."

मग म्हणाला, "राजा, तू माझा जिवाभावाचा मित्र आहेस आणि तुझ्यासारखा मठ्ठ माणूस मी जन्मात पाहिला नाही." फोन ठेवला. आजाऱ्याशी बोलायची ही रीत झाली?

बारा इंची चाक काढून टाकलं. फडक्यात गुंडाळून फडताळावर ठेवलं. दांडा पुन्हा छातीवर रोखलेला. आज त्याची भीती वाटली.

१२ एप्रिल, शनिवार

स्वप्न पडलं. मी बस चालवतोय, ती पूर्वीचीच, लाल, आणि स्टिअरिंग हळूहळू मोठं होत चाललंय. आधी परातीएवढं, मग टेबलाएवढं, मग तळ्याएवढं. त्याच्या काठावर बदकं. मी काठाकाठाने चालत बस वळवतोय. मागून वेंडीच्या दोन घंटा येतायत, चल, चल, आणि मी म्हणतोय, अगं थांब, मी अजून पलीकडे पोचलो नाही.

जागा झालो तेव्हा उजाडलं होतं आणि वेंडी शेजारी नव्हती. खाली गॅरेजच्या दाराची कडी वाजली. मांजर असेल, असं मनाशी म्हणालो. मग आठवलं, मांजर जाऊन दोन वर्षं झाली.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

हे नीट लिहून ठेवायचंय, म्हणून सावकाश लिहितो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, अक्षर मुद्दाम मोठं काढा, हाताला शिस्त लागते.

दुपारी मासे खाऊन मी खुर्चीत डोळा लावला. जागा झालो तर घर शांत. परसात गेलो. गॅरेजचं दार अर्धवट उघडं, आत उन्हाचा एक लांब पट्टा, आणि गाडीत वेंडी.

सीट पुढे ओढलेली. डोळे मिटलेले. दोन्ही हात हवेत, समोर, आणि हातांत काही नाही. हळूच डावीकडे कलली, खांदा उतरला, मग उजवीकडे. पाय क्लचवर अलगद जात होता. तोंडाने पुटपुटत होती, "पूल. आता अरुंद आहे, थांब, मेंढ्या जाऊ दे. हा दगड. आता उतार, सोड, सोड. मार्शॉची झाडं आली."

माझ्या मनात आलं, विकण्याआधी बिचारी निरोप घेतेय. आवाज न करता परत फिरणार, तेवढ्यात डोळे न उघडताच ती म्हणाली, "नेव्हिल, दारातून बाजूला हो. उजेड अडतोय."

"काय करतेयस तू?"

"समुद्रावर चाललेय. तू बसतोस का? मोरकमचं तिकीट आहे."

शेजारच्या सीटवर बसलो. या गाडीत त्या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो. तिथून सगळं वेगळंच दिसतं. तिच्या मांडीवर पेपरमिंटचा कागद होता.

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात येऊन बसायला लागली, शेवटच्या थांब्यावरच्या प्रवाशांसारखी, सावकाश. सीट. कागद. गुरुवार. चिलट.

"चॅपेलाचं छप्पर," मी म्हटलं.

"छप्पर ठणठणीत आहे. रॉयच्या गाडीला छप्पर नाही. नोव्हेंबरपासून दर गुरुवारी घाटात जातोय आम्ही. पहिल्या दिवशी तो सीटला असा चिकटून बसला होता, बघायला हवं होतंस. आता झोपतो."

"नोव्हेंबरपासून? पण मला तर आत्ता, या महिन्यात..."

"ऑक्टोबरात तू चहात साखर टाकलीस आणि चमचा डाव्या हातात घेतलास," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं उजव्या हाताने ढवळलेला चहा. तेव्हा मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले, तुला दिसू नये म्हणून. नाव मला माहीत नव्हतं. एवढंच कळलं की ही गाडी कुणीतरी चालवायला शिकलं पाहिजे."

मला काय वाटलं ते लिहितो. आधी राग आला. माझी गाडी, माझं स्वप्न, माझं दुखणंसुद्धा माझ्याआधी हिला ठाऊक. मग तिच्या हातांकडे पाहिलं. ते अजून हवेतच होते, जरासे थरथरत, अवघडून. राग कुठे गेला कळलं नाही.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू चालवायचं सोडलं असतंस आणि बांधायचंही. बांधून तर होऊ दे म्हटलं."

दोघं समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो, जणू तिथे काच होती आणि पलीकडे रस्ता. मग ती म्हणाली, "ते तुझं बारा इंची काही मला झेपायचं नाही हां. तू झोपलास की ते धरून बसायचे, मनगटं भरून यायची. आणि काटा दिसत नाही."

"रॉयचं चौदा आहे."

"ते मांडीला लागतं. माझे पाय आखूड आहेत."

"डेपोचा साहेब हात आखूड म्हणाला होता."

वेंडी माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत मी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. किंवा तो रोजचाच असेल, मीच समोर रस्त्याकडे पाहत होतो. "हात आखूड नव्हते, नेव्हिल. चाक मोठं होतं. एवढं तिथे एकाच्याही डोक्यात आलं नाही." आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्याही."

मी खाली उतरलो आणि मोजपट्टी घेऊन आलो.

"हात खाली घेऊ नकोस. डोळे मीट. कुठे आहेस?"

"मार्शॉच्या पुढे. सरळ आहे."

"आता वळण येतंय, डावीकडचं. घे. हं, तिथेच. हलू नकोस."

एका हाताच्या तळव्यापासून दुसऱ्याच्या तळव्यापर्यंत पट्टी धरली. माझा हात कापत होता, तिचे थांबले होते. उतार घेतला, पुन्हा मोजलं. चढावर पुन्हा. तिन्ही वेळा तेरा. झाकणं, ताटल्या, क्लबातल्या चर्चा, सगळं गेलं चुलीत. तेरा.

१३ मे, मंगळवार

तपासणी झाली. रॉयने ट्रेलरवर गाडी नेली, क्लबचं बटाट्यासारखं चाक लावून. तपासणारा उंच, दुःखी चेहऱ्याचा गृहस्थ, गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटात दिवा मारत होता. उठला, स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "या चाकाची आणि माझी जुनी ओळख आहे. मागच्या महिन्यात हिरव्या गाडीवर होतं."

रॉय आकाशाकडे पाहायला लागला.

"पुढच्या महिन्यात कुठे असेल?"

"बर्नलीला, साहेब," रॉय म्हणाला.

तो हसला नाही, पण पास केलं. जाता जाता मला विचारलं, "तुम्हीच चालवणार ना?" मी वेंडीकडे बोट केलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि टोपीला हात लावला. घरी येईपर्यंत तिचे कान लाल होते.

२४ मे, शनिवार

तेरा इंची आलं. गडद तपकिरी कातडं, ती म्हणाली तसं. बसवायचं काम मी केलं. बोल्ट डाव्या हाताने आवळले, शेवटचा उजव्याने. वेळ लागला. ती बाजूला उभी होती, मदतीला आली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

परवान्याच्या कचेरीचं उत्तर नाही. औषधाने सकाळी बरं असतं. बारा इंची तिने फेकू दिलं नाही. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलंय. म्हणाली, कचेरीने हो म्हटलं तर ते लावून गल्लीत फिर, फक्त मिसेस होल्डनला आधी सांग.

८ जून, रविवार

मोठ्या अक्षरात लिहितोय. एका ओळीत चार शब्द मावतायत. मावू देत, पानं आहेत.

सकाळी निघालो. अंगावर दोन दोन स्वेटर, डोक्याला टोप्या, मागे डब्यात चीज आणि कांद्याच्या सँडविचेस. रॉय गल्लीच्या तोंडाशी उभा होता, लग्नाला आल्यासारखा टाय लावून. वेंडीने इंजिन सुरू केलं, हात तेरा इंचांवर ठेवले, आणि बसून राहिली. हलेना. मी म्हटलं, काय झालं? काही नाही म्हणाली. समोर पाहत होती. मला कळायला वेळ लागला. हल्ली सगळ्यालाच लागतो. ती वाट पाहत होती.

समोरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मी बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं. टण, टण.

गाडी निघाली.

घाटाचं वर्णन मी करणार नाही, ते मी आणि तिने वेगवेगळं करून झालंय, मिटल्या डोळ्यांनी. उघड्या डोळ्यांनीही तसंच होतं. फक्त वारा जास्त. ती वळणं मनगटाने घेत होती, अंग न पसरता. डन्सप ब्रिजला बदकांनी वाट अडवली. मी एकदा वाजवलं, ती थांबली, बदकं गेली, दोनदा वाजवलं. त्या दगडापाशी पेट्रोल संपलं नाही. पलीकडच्या उतारावर दूर कुठेतरी समुद्राची राखाडी रेघ दिसली आणि वेंडी ओरडून काहीतरी म्हणाली, वाऱ्यात ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं नाही.

मोरकमला ओहोटी होती. वाळूच वाळू, पाणी पार लांब. दोघं गाडीतच बसून सँडविचेस खाल्ली. फिरायला आलेली माणसं थांबून पाहत होती. एक म्हातारा, माझ्याच वयाचा, वाकून मला म्हणाला, "काय देखणी आहे हो! एक चक्कर मारता येईल का आम्हाला?"

वेंडीने माझ्याकडे पाहिलं. चालवणाऱ्याने ठरवायचं नसतं, ते कंडक्टरचं काम.

मी पत्र्यावर तीनदा वाजवलं.